पाचव्या सोमवारचं दूध

मुलुंड (पूर्व)
६ ऑगस्ट २०२४

ती. ताईस बाळाचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल श्रावणातला पहिला सोमवार. पहाटे साडेचारला उठून अंघोळ केली आणि भांडुपला आपल्या गावकऱ्यांच्या रामेश्वराच्या देवळात गेलो. देवळाच्या गोठ्यातल्या नितेशने माझ्यासमोर पवळी गाईची धार काढली. पहिला तांब्या देवावर गेला. दुसरा मी स्टीलच्या बरणीत घेतला, बरणी रुमालात बांधली आणि ठाण्याहून घोडबंदरची बस धरून आठच्या आत तुझ्या दारात हजर झालो. तू भजनाला गेली होतीस. मानसी पवईच्या ऑफिसला निघायच्या घाईत होती. तिला पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवलं आणि पेलाभर दूध हातात दिलं. वास आला म्हणून तिने नाक मुरडलं, पण माझ्याकडे बघून एका दमात प्यायली. पेला खाली ठेवताना म्हणाली, "मामा, तुमच्यासाठी हां." मला बरं वाटलं.

तुझी भेट झाली नाही म्हणून हे पत्र. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही. तू लग्न होऊन मुंबईला आलीस तेव्हा मी पाचवीत होतो, तेव्हापासूनची आपली पत्रांची सवय आहे.

हे दूध साधं नाही, एवढं लक्षात ठेव. पवळी आषाढात सातव्या महिन्यात गाभडली. वासरू मेलेलंच पडलं. आणि तिसऱ्या दिवशी तिला पान्हा आला. गुरवकाका म्हणाले, हे वासराच्या वाटचं दूध, त्याला जगायचं होतं ते आयुष्य यात आहे, हे पोटुशी बाईच्या पोटात गेलं पाहिजे. मंडळातल्या जुन्या माणसांनी मान डोलावली. वस्तीतल्या दोघी जणी नेतात. मी म्हटलं, आपली सून मानसी का नको? लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर पाचवा महिना दिसतो आहे. शुभाच्या आणि माझ्या संसारात पाळणा हलला नाही, तो तुझ्या घरात हलू दे. श्रावणाचे पाचही सोमवार मी आणून देईन.

नितेशला महिनाभर ताप येतो आणि जातो. मलेरिया निघाला नाही. गडी सुकला आहे. त्याला आमच्या लॅबमध्ये बोलावलं आहे, रक्त मीच काढीन.

तुझा
बाळा


बोरिवली (पूर्व)
१३ ऑगस्ट २०२४

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आपल्या दोघांच्या मधे एक डोंगर, पण पोस्टमन तो चालत चढतो की काय कोण जाणे, चार दिवस लागले. सुशांत म्हणतो, आई, मामाला मोबाईलवर लिही. मी म्हटलं, मेल्या, त्या मुंगीएवढ्या अक्षरात मला माझा भाऊ दिसत नाही.

काल दुसऱ्या सोमवारी तू बरणी ठेवून गेलास आणि इकडे महाभारत. सूनबाई म्हणतात, दूध उकळून घेते, कच्चं पोटात जात नाही, ऑफिसातली कोण मैत्रीण सांगते की या दिवसांत कच्चं काही घेऊ नये. मी म्हटलं, देवावर घालतात ते उकळून घालतात काय? अभिषेकाचं दूध निरसंच असतं. तुझ्या आईकडे घाटकोपरला उकळत असतील, आमच्यात नाही. शेवटी मी समोर उभी राहिले तेव्हा प्यायली. पण तोंड एवढंसं केलं. सुशांत मधेच, मामाला विचारा, तो लॅबमधला, त्याला कळतं.

तर आता तूच काय ते लिही. माझं ती ऐकते पण मानत नाही, तुझं मानते. तुझं नाव काढलं की जरा हसते तरी.

पोरगी तशी वाईट नाही रे. भाकरी जमत नाही, पण मी झोपले की पायावर चादर घालून जाते. तिला वाटतं मी झोपलेली असते.

कानातलं मशीन लावलं की शिट्ट्या वाजतात. म्हणून काढून ठेवलंय. माझ्याशी बोलायचं तर अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलावं लागतं. शेजारची उत्तरा म्हणते, तुमच्या घरातलं काहीच गुपित राहत नाही.

तुझी
विमलाताई


मुलुंड (पूर्व)
१८ ऑगस्ट २०२४

ती. ताईस सा. न.

हे पत्र उद्या बरणीसोबतच देतो, म्हणजे मानसीलाही वाचता येईल.

मानसी, तू विचारलंस ते चांगलं केलंस. विचारणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही. रोज पन्नास माणसांचं रक्त माझ्या हातून जातं, पंचवीस वर्षं हेच करतो आहे. भिण्यासारखं काही असतं तर सगळ्यात आधी मीच तुला अडवलं असतं. पवळी आपल्या डोळ्यांसमोरची गाय. तिला गोठा आहे, चारा आहे, ती रस्त्यावर फिरत नाही. मी स्वतः हेच दूध दर सोमवारी तीर्थ म्हणून घेतो. अभिषेकाचं दूध विस्तवावर ठेवायचं नसतं, ठेवलं की ते नुसतं दूध होतं. तू निर्धास्त घे. माझ्या शब्दावर घे.

ताई, तिच्यावर ओरडू नकोस. पेला हातात दे आणि बाजूला हो.

नितेश अजून रक्त द्यायला आला नाही. सुईला भितो. पन्नास किलोची पेंडीची गोण उचलणारा माणूस.

तुझा
बाळा


बोरिवली (पूर्व)
२२ सप्टेंबर २०२४

चि. बाळास आशीर्वाद.

तू दवाखान्यात येऊन गेलास, बाकावर बसलास, काही बोलला नाहीस. मीही बोलले नाही. आता लिहिते.

गौरीपूजनाचा दिवस. घरात गौरी बसलेल्या आणि बाई ऑफिसला. मी म्हटलं, आज तरी राहा. म्हणे मीटिंग आहे, दुपारी येते. अंगात कणकण होती दोन दिवस, ते मला सांगितलं नाही, सुशांतला सांगितलं. दुपारी पवईहूनच तिला दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा सगळं झालेलं. नर्सने विचारलं, बघायचंय का. मी बघितलं. बाळा, बोटं होती रे. सगळी होती. मोजली मी.

मला कोणी सांगू नये की नशीब. नऊ वर्षांनी दिलेलं देव असं काढून नेत नाही. त्या बसमधून रोज हाडं खिळखिळी करून घेत जायची, एसीत बसायची, पोटावर कम्प्युटर ठेवायची. मी हजारदा सांगितलं.

आणि एक मनात येतं ते तुलाच लिहिते. पाचव्या सोमवारी तू दूध आणलं नाहीस. कंबर धरली म्हणून नितेशच्या मोबाईलवरून निरोप पाठवलास. चार झाले, पाचवा राहिला. धरलेलं व्रत मोडलं. त्यामुळे तर नसेल? तुला दोष देत नाही, कंबर काय सांगून धरते? पण रोज सकाळी उठले की तोच विचार येतो.

सुशांत कामावरून येतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. सूनबाई अजून उठत नाहीत. ताप येतो म्हणतात. ज्याला मूल हवं असतं त्याला दुःखाचा ताप येतो, हिला कसला येतो मला कळत नाही.

विमलाताई


मुलुंड (पूर्व)
२८ सप्टेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं.

पाचव्या सोमवारचं मनातून काढून टाक. देव सोमवार मोजत बसत नाही. आणि मानसीच्या ऑफिसलाही दोष देऊ नकोस. वस्तीतल्या बायका नवव्या महिन्यापर्यंत डोक्यावर हंडे वाहतात.

मला तू एवढंच नीट बघून कळव. तिला ताप येतो तो सारखा असतो की येतो-जातो? संध्याकाळी चढतो का? उशी भिजेल इतका घाम येतो का? कंबर, गुडघे दुखतात का? हे आधीपासून होतं की अलीकडचं? तिच्या नकळत बघ, विचारून तिला त्रास देऊ नकोस. असं असेल तर तिचं रक्त एकदा तपासायला हवं. उगाच चिंता करू नकोस, नुसती खात्री करायची म्हणून विचारतो आहे.

नितेशचा रिपोर्ट आला होता. त्याला गुरांपासून लागणारा एक आजार निघाला. औषध सुरू आहे, उतार पडतो आहे.

दोन वेळ जेव. देवासमोर बस. मीही बसतो, पण हल्ली मन लागत नाही.

तुझा
बाळा


बोरिवली (पूर्व)
८ ऑक्टोबर २०२४

चि. बाळास आशीर्वाद.

तू विचारलंस आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तू लॅबमधला माणूस, उगाच विचारणार नाहीस. तू लिहिलंस ते सगळं हिला आहे. संध्याकाळी ताप. पहाटे उशी ओली, मी हात लावून बघितली. जिना उतरताना कठडा धरते, तिशीतली बाई. आणि तू लिहिलंस, हे आधीपासून होतं का. म्हणजे तुलाही तीच शंका आहे.

हिच्या रक्तातच आधीपासून काहीतरी आहे. लग्नाआधीचं. घाटकोपरवाल्यांनी लपवलं आणि आमच्या गळ्यात बांधलं. म्हणून नऊ वर्षं काही नाही आणि झालं तर असं.

तू म्हणालास विचारू नकोस. पण मला राहवलं नाही. परवा तिला समोर बसवून स्पष्ट विचारलं. म्हटलं, कसला आजार घेऊन आलीस आमच्या घरात, बाळालासुद्धा संशय आहे. तुझं पत्र दाखवलं. तिने ते वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं. सुशांत तिथेच होता, त्याने मला अडवलं नाही. संध्याकाळी बॅग भरून आईकडे गेली. उत्तरा आणि पलीकडची बाई दारात उभ्या होत्या. त्यांनाही कळू दे म्हटलं.

आता तू काय म्हणतोस? तिचं रक्त तपासून कागद आणला तर बरं. पुढे कोर्टकचेरी झाली तर हातात काहीतरी हवं.

विमलाताई


घाटकोपर
५ नोव्हेंबर २०२४

मामांना नमस्कार.

मी पत्र लिहीत नाही, सवय नाही. पण तुम्हाला फोन करून हे बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

दसऱ्यानंतर तुम्ही आईकडे आलात. म्हणालात, अशक्तपणा आहे, साधं रक्त तपासू, पैसे द्यायचे नाहीत. तुमचा हात हलका आहे, सुई कळली नाही. मला तेव्हा एवढंच वाटलं की त्या घरातून कोणीतरी आलं.

रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. मी तो इथल्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, गोठ्यात काम करता का? मला हसू आलं. म्हटलं, पवईला अकाउंट्समध्ये आहे. दुसरा प्रश्न विचारला, अलीकडे कच्चं दूध प्यालात का?

मग मला हसू आलं नाही.

सहा आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर सापडलं, नाहीतर मणक्यापर्यंत गेलं असतं. बाळ यामुळेच गेलं का, असं मी विचारलं. म्हणाले, छातीठोक सांगता येत नाही, पण या आजारात असं होतं.

तुमचं १८ ऑगस्टचं पत्र बोरिवलीच्या आईंनी मला वाचायला दिलं होतं. ते माझ्या पर्समध्ये राहिलं, इकडे येताना बरोबर आलं. त्यात तुम्ही लिहिलं आहे, माझ्या शब्दावर घे.

मला तुम्हाला दोष द्यायचा नाही. तुम्हाला माहीत नव्हतं असं धरूनच मी चालले आहे. पण एक विचारायचं आहे. आलात तेव्हा तुम्ही नक्की कुठली तपासणी करायची ते ठरवून आला होतात. म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं. मग कधीपासून माहीत होतं?

मानसी


बोरिवली (पूर्व)
११ नोव्हेंबर २०२४

चि. बाळास आशीर्वाद.

सुशांत घाटकोपरला जाऊन आला. मानसीने त्याला रिपोर्ट दाखवला. तो म्हणतो, हा गाईच्या दुधाने होणारा आजार आहे. घरी येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, आई, दूध कोणी पाजलं? एवढ्या मोठ्याने, की खालच्या मजल्यावरून माणसं वर आली.

मी म्हटलं, देवाचं दूध होतं.

तो जेवत नाही. माझ्या हातचं पाणी घेत नाही. बाळा, मी त्या पोरीच्या समोर उभी राहिले होते, पेला रिकामा होईपर्यंत. पहिला सोडून तिन्ही सोमवार. तू लिहिलं होतंस पेला दे आणि बाजूला हो, मी बाजूला झाले नाही. ते दूध वाईट होतं असं ठरलं तर मी काय आहे? मी आजी की कोण?

तू मला एक कागद लिहून दे. लॅबच्या भाषेत लिही. की पवळीच्या दुधात काही नव्हतं, मानसीला ते दुसरीकडून कुठून तरी लागलं, बाहेरचं खाते ती, ऑफिसात पनीर खातात, काहीही लिही. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने. सुशांत तुझं मानेल. मला या वयात एवढं दे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आई गेली तेव्हा तू बारा वर्षांचा होतास, दर मे महिन्यात गावी येऊन तुझ्या शाळेच्या कपड्यांना बटणं मी लावून जायची.

ताबडतोब लिही.

तुझी
विमलाताई


मुलुंड (पूर्व)
१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

ती. ताईस बाळाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू मागितलास तो कागद मी लिहायला बसलो होतो. चार ओळी लिहिल्याही. अक्षर चांगलं आलं होतं. मग तो फाडला.

आता जे झालं ते सांगतो. मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत जा.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नितेश एकदाचा लॅबमध्ये आला. त्याच्या रक्तात गुरांकडून येणारा आजार निघाला. गोठ्यातल्या माणसाला तो गाभडलेल्या गाईची वार, रक्त उचलताना लागतो. बाकीच्यांना कच्च्या दुधातून. शनिवारी, एकतीस ऑगस्टला, सकाळी मी भांडुपला गेलो, नितेशला पवळीचं डोकं धरायला सांगितलं आणि तिच्या मानेतून सिरिंजभर रक्त काढलं. ती हलली नाही. माझी तिला सवय आहे.

गुरांची तपासणी आमच्या लॅबचं काम नाही. मी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर केली. काचेच्या पट्टीवर रक्तातल्या पिवळट पाण्याचा एक थेंब, शेजारी रंगीत औषधाचा एक, काडीने मिसळायचं आणि पट्टी हातात हलवत राहायची. काही नसलं तर रंग एकसारखा राहतो. असलं तर कण सुटे होतात, दूध फाटतं तसे. पवळीच्या रक्ताला मिनिटसुद्धा लागलं नाही. मी पट्टी धुतली, पुन्हा केली. तेच. मग स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून माझं रक्त घेतलं. तेही फाटलं. माझी कंबर खरंच दुखत होती, ताई. पण त्या सोमवारी मी आलो नाही तो कंबरेमुळे नव्हे.

पाचव्या सोमवारचं दूध मी आणलं नाही, कारण तोवर मला कळलं होतं. तू ज्याला मोडलेलं व्रत म्हणतेस तो एकच सोमवार असा होता की मी तुझ्या घरी विष आणलं नाही.

पण आलो नाही एवढंच. सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, माणसांच्या औषधावर गाईचं रक्त तपासलंय, चूक असेल. म्हटलं, गणपती तोंडावर आहेत, ते होऊन जाऊ दे. म्हटलं, चार पेल्यांनी काय होतं. आणि खरं कारण हे की मी माझ्या अक्षरात लिहून दिलं होतं. एकतीस ऑगस्ट ते अकरा सप्टेंबर. अकरा दिवस ती तुझ्या घरात वावरत होती आणि तिच्या रक्ताची तपासणी एका फोनवर झाली असती. औषध लागू पडलं असतं का, बाळ राहिलं असतं का, डॉक्टर सांगू शकत नाहीत. मी त्यांना विचारलं. ते न सांगता आल्यामुळे मला झोप लागत नाही.

मग मी तुला ते अर्धवट पत्र लिहिलं. ताप येतो का, घाम येतो का. मला तिला औषधापर्यंत न्यायचं होतं आणि स्वतःला वाचवायचं होतं, दोन्ही एकाच पत्रात. तू त्याचा जो अर्थ काढलास तो तुझा दोष नाही, मी त्यात जागा ठेवली होती. तुझं उत्तर आलं तेव्हाही मी गप्प राहिलो. लपूनछपून तिचं रक्त घेऊन आलो आणि वाटलं की फेडलं.

तिने मला विचारलं, कधीपासून माहीत होतं. त्या एका ओळीला मला दहा दिवस उत्तर देता आलं नाही.

शुक्रवारी त्रिपुरी पौर्णिमा होती. देवळात मंडळाची सगळी माणसं जमली होती, अभिषेकाला पवळीचंच दूध काढून ठेवलं होतं. मी इतके महिने एवढंच केलं होतं की त्या दोघी जणींना दूध आटलंय म्हणून परत पाठवायला नितेशला सांगितलं होतं. तीर्थ वाटलं जातच होतं. मी उभा राहिलो आणि सांगितलं. नितेशचा रिपोर्ट, माझा रिपोर्ट, पवळीची पट्टी, आणि माझ्या भाचेसुनेचं काय झालं ते. गुरवकाका संतापले. म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, देवाच्या दुधाला नावं ठेवतोस? मी म्हटलं, देवाने दूध मागितलं नव्हतं काका, आपण दिलं. मग ते खाली बसले. त्यांची नात वीस वर्षांची आहे, तिनेही श्रावणभर तीर्थ घेतलं होतं, ते त्यांना त्या क्षणी आठवलं असावं.

ते दूध चुना टाकलेल्या खड्ड्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी गुरांच्या सरकारी दवाखान्यातून डॉक्टर आले, रीतसर रक्त घेऊन गेले, पवळीला वेगळं बांधायला सांगितलं. आता तिच्याजवळ कोणी जायचं नाही, तिचं दूध काढायचं ते टाकायला. मी लांबून गेलो की ती मान पुढे करते. त्या दोघी जणींचं रक्त मीच घेतलं. एकीच्या रक्तात काही निघालं नाही. दुसरीच्या निघालं, ती आठव्या महिन्यात आहे, तिला डॉक्टरांच्या हाती दिलं आहे. तिच्यासाठी रोज हात जोडतो. देवावर आता पाणी घालतो. त्याची काही तक्रार दिसत नाही.

काल, रविवारी, घाटकोपरला गेलो. मानसीच्या आईने दार उघडलं आणि आत गेल्या. मानसीसमोर बसलो. म्हटलं, एकतीस ऑगस्टपासून. तिने बोटांवर मोजलं. मी तिला मोजताना बघत होतो, ते बघावं लागणं हीच मला शिक्षा होती.

मग तिने पर्समधून माझं पत्र काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, "मामा, मला दूध पाजलं त्याचा राग नाही. तुम्ही प्रेमाने आणलंत. मला सगळ्यांसमोर आजारी ठरवलं गेलं आणि तुम्हाला माहीत होतं, ते मी कुठे ठेवू?"

क्षमा मागितली. ती देते असं म्हणाली नाही आणि देत नाही असंही म्हणाली नाही. उठताना म्हणाली, "आईंना हे तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. त्या घरात माझं कोणाला ऐकूच येत नाही."

ते पत्र मी परत मागितलं नाही. ते तिचं आहे.

ताई, तू पेला रिकामा होईपर्यंत उभी राहिलीस, कारण ते दूध मी आणलं होतं, ते चांगलं आहे असं मी लिहून दिलं होतं. तू विचारतेस, मी काय आहे. तू ती बाई आहेस जिने आपल्या भावावर विश्वास ठेवला. एवढाच तुझा दोष, आणि तो मी घेतो. पण तिला जे बोललीस ते तुझं आहे. ते मला घेता येणार नाही.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही असं ठरवलं. पोस्टातलं पत्र तू एकटी वाचशील आणि गादीखाली ठेवशील, मला ठाऊक आहे. आज दुपारी अंधेरीला सुशांतच्या कामाच्या ठिकाणी गेलो. नितेशचा, माझा, मानसीचा आणि पवळीचा असे चार रिपोर्ट जोडले, पवळीचा गुरांच्या डॉक्टरांकडून आजच हाती आला. पाकीट न चिकटवता त्याच्या हातात दिलं. त्याने तिथेच उभ्याने वरचं सगळं वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. शेवटच्या या ओळी मी त्याच्यासमोर, त्याच्या टेबलावर लिहितो आहे.

त्याला सांगितलं आहे की हे तुझ्या हातात द्यायचं नाही, वाचून दाखवायचं. तुझ्या कानातलं मशीन न लावता. दार उघडं ठेवून, तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तुझा
बाळा